जिताडा जगला, भात का गेला? खारेपाटातल्या एका खांडीचं प्रकरण

आषाढ अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी पहाटे काकांचा फोन आला. "बाय, खांड गेली," एवढंच म्हणाले आणि गप्प राहिले. खारेपाटात जन्मलेल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. खाडीच्या अंगाचा मातीचा बांध उधाणानं फोडला, भातात खारं पाणी शिरलं, किती गेलं आणि किती उरलं ते ओहोटीनंतर कळेल, हे सगळं त्या दोन शब्दांत येतं.

गाव अलिबाग तालुक्यातलं, अंबा खाडीच्या काठचं. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. काका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, आणि त्यांच्या खाचराला लागून थोरल्या काकीचं खाचर आहे. त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत मी जवळजवळ दर आठवड्याला या दोन खाचरांत गेले, पाणी मोजलं, पानं गोळा केली, काका-काकी काय म्हणाले ते वहीत लिहून घेतलं. हे प्रकरण त्या वहीवरून लिहिते आहे. यात माझी स्वतःची एक चूक आहे, आणि तिचा भुर्दंड काकांना बसला. तीही तशीच लिहिते.

खारेपाट म्हणजे खाडीकडून मागून घेतलेली जमीन. बाहेरच्या अंगाला बांध, बांधात उघाडी. उघाडीला खाडीच्या बाजूनं झडप असते. भरतीचं पाणी तिला दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. पावसाळ्यात रायगडात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो जमिनीतलं मीठ धुतो आणि उघाडीतून खाडीत नेऊन सोडतो. म्हणून इथे भात होतं. बांध राखणं हे इथलं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. याच पट्ट्यात चरी गावच्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांविरुद्ध संप करून जमिनी पडीक ठेवल्या, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली. आमच्या घरात त्या वर्षांची गोष्ट अजून सांगतात. उपाशी राहिलो पण पेरलं नाही, असं आजी म्हणायची. इथल्या माणसाला जमीन म्हणजे काय ते कळावं म्हणून हे सांगितलं.

खांड सुमारे बारा हात रुंदीची होती. दोन दिवसांत चार भरत्या आत आल्या. तिसऱ्या दिवशी गावातल्या पोरांनी बांबू ठोकून, पेंढा आणि मातीच्या गोणी रचून ती बुजवली. घाई होती, कारण पंधरा दिवसांवर नारळी पौर्णिमा. त्या उधाणाआधी बांध उभा राहिला नसता तर या हंगामात बोलायला काही उरलं नसतं.

दोन्ही खाचरं साधारण वीस-वीस गुंठ्यांची, मध्ये एकच मेर. काकीनं मृगाच्या पहिल्या पावसावर आवण, म्हणजे रोपांसाठीची पेरणी, टाकलं होतं आणि खांड जाण्याच्या तीन आठवडे आधी लावणी उरकली होती. तिचं बियाणं रता, हा खारेपाटातला जुना लाल भात. काळा रता आणि भुरा रता या जातींची नोंद खारं पाणी सोसणाऱ्या देशी भातांमध्ये संशोधकांनी कधीच घेतली आहे. काकी मात्र तो पेजेसाठी लावते. काकांचं पहिलं आवण पावसात सडलं. त्यांनी दुसऱ्यांदा कर्जत-३ पेरलं, एकवीस दिवसांचं रोप उपटलं आणि लावणी केली ती खांड जाण्याच्या बरोबर सात दिवस आधी. रोपानं नुकतंच मूळ धरलं होतं.

पहिल्या भेटीत माझ्या खिशातल्या मीटरवर खाडीच्या पाण्याची विद्युतवाहकता (पाण्यात मीठ जितकं जास्त तितकी ती जास्त) १२ डेसिसायमन प्रति मीटर आली, काकांच्या खाचरात ११ आणि काकीच्या खाचरात १०. भर समुद्राचं पाणी सुमारे ५० असतं, म्हणजे पावसानं खाडी बरीच पातळ झालेली होती. पण भाताचं सोसणं फार थोडं. मातीच्या अर्काची, म्हणजे भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, वाहकता ३ च्या वर गेली की उत्पन्न घटायला लागतं आणि पुढच्या प्रत्येक एककाला सुमारे १२ टक्के घट होते, असं मास आणि हॉफमन यांनी १९७७ मध्ये मांडलं, आणि आजही तोच आधार धरतात. साचलेलं पाणी आणि मातीचा अर्क ही दोन वेगळी मापं आहेत, एकमेकांशी थेट ताडता येत नाहीत. तरी ११ हा आकडा बघून माझ्या पोटात गोळा आला.

परतताना काकांनी परसातलं तळं दाखवलं. त्यात जिताडे मासे सोडलेले आहेत, खारेपाटात घरोघरी असतात तसे. भरतीचं पाणी तळ्यातही शिरलं होतं. जिताडे निवांत फिरत होते.

"पाणी एकच," काका म्हणाले. "जिताड्याला काय झालं नाय. भाताला का होतंय? आणि माझ्याच भाताला का, वहिनीच्या का नाय?"

त्या वेळी मी काहीतरी थातूरमातूर बोलले. घरी येऊन विचार केला तेव्हा जाणवलं की काकांनी या प्रकरणाचा नेमका प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर पेशीच्या पडद्यात बसलेल्या एका प्रथिनाशी जाऊन पोचतं.

पडद्यातला अदलाबदल करणारा

पेशीचा पडदा तेलकट असतो. मिठातला सोडियम विद्युतभारित आहे, त्याला त्या तेलातून आपापलं जाता येत नाही. आम्लपणा ज्याच्यामुळे येतो त्या हायड्रोजनच्या आयनालाही नाही. म्हणून पडद्यात प्रथिनांची दारं असतात. त्यांतलं एक घराणं केवळ अदलाबदल करतं, एका बाजूचा सोडियम घेतं आणि त्याच्या बदल्यात दुसऱ्या बाजूचा हायड्रोजन देतं. जिवाणूंपासून माणसापर्यंत हे घराणं आहे.

माणसात त्यातलं सर्वांत जास्त अभ्यासलेलं प्रथिन म्हणजे एनएचई-१. फ्रान्समध्ये सार्दे, पुइसेगूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये त्याचा जनुक वेगळा काढला. ८१५ अमिनो आम्लांची ही साखळी. तिचा पुढचा भाग पडद्यातून बारा-तेरा वेळा आरपार जातो आणि उरलेली लांब शेपटी पेशीच्या आत लोंबते. पेशीत आम्ल वाढलं की हे प्रथिन जागं होतं, एक सोडियम आत घेतं, एक हायड्रोजन बाहेर टाकतं. पेशी कोरडी पडून आक्रसली तरीही ते जागं होतं. आत आलेल्या सोडियममागून पाणी येतं आणि पेशी पुन्हा फुगते. एकाच दारानं आंबटपणाही सांभाळला जातो आणि आकारमानही. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत हे चालू असतं, हे वाचताना तुमच्या डोळ्याच्या पेशीतही.

आता या कामाला बळ कुठून मिळतं ते बघायला हवं, कारण काकांच्या खाचराचं सगळं उत्तर त्यात आहे. हे प्रथिन स्वतः ऊर्जा खर्चत नाही. प्राण्याच्या पेशीत दुसरा एक पंप अहोरात्र ऊर्जा जाळून सोडियम बाहेर काढत असतो, म्हणून आत सोडियम कमी आणि बाहेर जास्त अशी चढण तयार होते. त्या चढणीवरून सोडियम आत घरंगळतो आणि त्याच्या जोरावर हायड्रोजन बाहेर ढकलला जातो. रहाटावरून एक पोहरा खाली जाताना दुसरा वर येतो, तसं.

जिताड्याच्या कल्ल्यांत याच घराण्यातली प्रथिनं आहेत. खाऱ्या पाण्यात बाहेर सोडियम मुबलक, त्याच्या बदल्यात कल्ल्यांतून अंगातलं आम्ल बाहेर टाकणं सोपं. आत आलेलं जादा मीठ बाहेर काढायला कल्ल्यांत खास पेशी असतात, त्यांत पंप ठासून भरलेले. जिताडा गोड्या पाण्यात वाढतो आणि विणीला खाडीच्या मुखाशी येतो. त्यामुळे पाणी बदललं की कल्ल्यांची मांडणी बदलायची हे त्याच्या रक्तातच आहे. शिवाय त्याला पोहता येतं, खाता येतं, श्वासावर हवी तेवढी ऊर्जा काढता येते.

भाताचं तसं नाही. भात एका जागी चिखलात उभं. वनस्पतींत सोडियम बाहेर काढणारा तो प्राण्यांचा पंप नसतो. त्यांच्याकडे हायड्रोजनचे पंप असतात. वनस्पतीच्या पेशीत मधोमध एक मोठी पिशवी असते, तिला रिक्तिका म्हणतात. भरलेल्या पेशीचा बहुतेक भाग तीच व्यापते. तिच्या पडद्यावरचे पंप ऊर्जा जाळून हायड्रोजन आत भरत राहतात, त्यामुळे आतला सामू (पीएच, जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साडेपाचच्या आसपास आणि बाहेरच्या पेशीद्रवाचा सात-साडेसात. सामूचा एक आकडा म्हणजे दसपट फरक, म्हणजे दोन आकडे म्हणजे शंभरपट. ही आंबटपणाची चढण म्हणजे वनस्पतीची कमाई. रिक्तिकेच्या पडद्यातलं अदलाबदल करणारं प्रथिन, त्याला एनएचएक्स म्हणतात, ही कमाई खर्चून पेशीद्रवातला सोडियम किंवा पोटॅशियम पिशवीत कोंबतं आणि बदल्यात हायड्रोजन बाहेर सोडतं. चाल माणसातल्या प्रथिनाच्या उलटी आहे. तिथे सोडियमच्या घसरणीवर हायड्रोजन वाहतो, इथे हायड्रोजनच्या घसरणीवर सोडियम.

बीटच्या रिक्तिकेत अशी अदलाबदल होते हे ब्लुमवाल्ड आणि पूल यांनी १९८५ मध्ये दाखवलं. १९९९ मध्ये ब्लुमवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या प्रयोगवनस्पतीत या प्रथिनाचं प्रमाण वाढवलं, तर ती २०० मिलिमोलर मिठाच्या पाण्यावर वाढली. समुद्राच्या खारटपणाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास ते प्रमाण येतं. २००१ मध्ये टोमॅटोवर तेच केलं. झाडाला फळं धरली, मीठ पानांत साठलं आणि फळात फारसं उतरलं नाही.

पण या प्रथिनाला नुसतं मीठ कोंबणारा हमाल समजणं चुकीचं ठरेल. २०११-१२ मधल्या कामात याच घराण्यातली दोन प्रथिनं एकदम बंद केलेल्या झाडांत पेशी लहान राहिल्या, पोटॅशियम रिक्तिकेत नीट साठेना, पर्णरंध्रं नीट हालेनात. म्हणजे खारं पाणी असो वा नसो, पिशवीतला आंबटपणा आणि पेशीचा फुगीरपणा राखणं हे त्याचं रोजचं काम, आणि मीठ सांभाळणं हा अंगावर पडलेला जादा बोजा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. संकटाच्या दिवशी ते प्रथिन आधीच कामात असतं.

वर्गात हे समजावताना मी फुलाचं उदाहरण देते. निळं फुलणाऱ्या एका वेलाची कळी जांभळट असते, फूल उमलताना निळं होतं. पाकळीतल्या रिक्तिकेचा सामू ६.६ वरून ७.७ वर जातो आणि तेच रंगद्रव्य वेगळं दिसू लागतं. जपानी संशोधकांनी २००० साली त्याच्याच जातभाईंपैकी एका वेलात दाखवलं की हे काम एनएचएक्स प्रथिनाचं आहे. ते बिघडलं तर फूल जांभळंच राहतं. त्याच वेळी पाकळीच्या पेशी फुगत असतात, म्हणून फूल उघडतं. आंबटपणा आणि आकारमान यांचं नातं इतकं डोळ्यांना दिसेल असं दुसरं ठिकाण मला ठाऊक नाही. आपल्या किनाऱ्यावर पुळणीवरून पसरणारी मर्यादवेल याच वेलांच्या कुळातली, भरतीच्या रेषेपर्यंत जाणारी.

खाचरात काय घडलं

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांच्या रोपांची पानं सुईसारखी गुंडाळली होती. पायाखाली घोटाभर पाणी आणि रोप तहानलेलं. संध्याकाळी थोडी उलगडली. हा पहिला टप्पा, मिठानं आत काही बिघडवण्याआधीचा. बाहेरचं पाणी इतकं दाट की मुळाला ते ओढून घेणंच जड. राना मन्स आणि मार्क टेस्टर यांनी २००८ च्या आढाव्यात हे दोन टप्पे वेगळे मांडले आहेत. आधी पाणी ओढण्याचा ताण, नंतर पानांत साठलेल्या मिठाचा. काकीच्या खाचरात पानं थोडी झुकली होती, गुंडाळली नव्हती.

चार दिवस चांगला पाऊस झाला. काकांच्या खाचरातलं पाणी ५ वर आलं. आणि इथे माझी चूक झाली.

मी सांगितलं, "काका, सगळं पाणी काढून टाका, जमीन जरा वापसा येऊ दे." माझ्या डोक्यात होतं की खारं पाणी जितकं लवकर बाहेर जाईल तितकं बरं. काकांनी ओहोटीला उघाडीतून पाणी काढलं. आणि श्रावणातली उघडीप पडली. पाच दिवस स्वच्छ ऊन. खार जमीन वरून सुकली, भेगाळली, खालचं मीठ केशाकर्षणानं वर आलं आणि चिखलावर पांढरी फुली दिसायला लागली. वरच्या बोटभर मातीच्या अर्काची वाहकता १२ निघाली. त्या उन्हात पानांतून बाष्प जास्त उडत होतं, म्हणून मुळं जास्त पाणी ओढत होती. भाताच्या मुळांत पेशींना वळसा घालून पाण्याबरोबर थेट वर सरकायची एक फट असते, सोडियमचा बराच भाग तिथूनच पानांत जातो. ऊन पडलं, ओढ वाढली, मीठ वर चढलं.

खांडीनंतर दहाव्या दिवशी काकांच्या खाचरात खालच्या पानांची टोकं पिवळी, मग तपकिरी झाली. पंधराव्या दिवशी अर्धं खाचर करपलेलं होतं. मी त्या बांधावर उभी राहिले तेव्हा काका मला काही बोलले नाहीत. मीच सांगितलं की पाणी काढायला लावलं ती चूक झाली, खार जमिनीत लावणीनंतर चिखल सुकू द्यायचा नसतो, जुनं पाणी काढायचं ते नवं पाणी भरायचं असेल तरच. काकी म्हणाली, "मी म्हनूनच पानी हलवलं नाय." तिनं माझं ऐकलं नव्हतं. तिनं मेरेचं तोंड बुजवून पावसाचं पाणी तसंच धरून ठेवलं होतं.

त्या आठवड्यात मी दोन्ही खाचरांतली पानं वेगवेगळी गोळा केली, सगळ्यांत खालचं जुनं पान वेगळं आणि वरचं नवं वेगळं. धुऊन, वाळवून एका प्रयोगशाळेत सोडियम आणि पोटॅशियम मोजून घेतलं. काकीच्या रत्याच्या जुन्या पानांत सोडियम पोटॅशियमच्या जवळपास बरोबरीला होता, पण ती पानं हिरवी होती. नव्या पानांत पोटॅशियम कितीतरी जास्त, सोडियम थोडा. काकांच्या कर्जत-३ च्या जुन्या पानांत सोडियम पोटॅशियमच्या दुपटीहून जास्त, आणि नव्या पानांतही तो पोचलेला.

काकीच्या जुन्या पानांत मीठ होतंच. तरी ती हिरवी राहिली, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हाच आहे. मीठ पानात असणं आणि मीठ पेशीद्रवात असणं यांत फरक आहे. पेशीद्रवात विकरं काम करतात, प्रथिनं तिथेच बनतात. त्या कामाला पोटॅशियम लागतो, सोडियम त्याच्या जागी घुसून ते मोडतो. तोच सोडियम रिक्तिकेत कोंबला गेला तर तो पेशीला फुगवायला मदतच करतो. पण कोंबायला आंबटपणाची चढण लागते, चढणीला ऊर्जा लागते, ऊर्जेला जिवंत हिरवं पान आणि चालतं मूळ लागतं. काकीच्या भाताला तीन आठवड्यांची मुळं होती, फुटवे होते, मीठ वाटून घ्यायला बरीच मोठी पानं होती. काकांच्या रोपाला नुकतीच लावणीची इजा झालेली, मुळं तुटलेली, पानांवर भरतीचा गाळ बसलेला. त्याच्याकडे प्रथिन नव्हतं असं नाही. त्याला खर्चायला काही नव्हतं.

मी कोणत्याही पानात एनएचएक्स मोजलेलं नाही. दोन खाचरांत जात वेगळी, रोपाचं वय वेगळं, पाणी हाताळणं वेगळं. यातलं कशामुळे किती वाचलं हे दोन खाचरांवरून सांगता येणार नाही, आणि एका प्रथिनाला सगळं श्रेय देणं तर मुळीच नाही. देशी खारसोशिक भातांत सोडियम वर जाऊ न देणारी वेगळी प्रथिनंही असतात. बंगालच्या नोना बोक्रा भातातलं असं एक प्रथिन २००५ मध्ये ओळखलं गेलं. देठातून वर चाललेला सोडियम ते परत ओढून घेतं. केरळच्या पोक्काळी भातातला गुणसूत्र १ वरचा सॉल्टॉल नावाचा भाग घेऊन नव्या जाती केल्या आहेत. रत्याच्या नव्या पानांत सोडियम कमी होता, त्यावरून असं काही त्याच्यातही चाललं असावं असा माझा अंदाज आहे.

पुढे काय केलं

पिवळी पानं बघून काका युरिया टाकायला निघाले होते. मी थांबवलं. पिवळेपणा नत्राच्या उपासमारीचा असता तर खालचं सगळं पान एकसारखं फिकं झालं असतं. इथे टोकापासून करपत होतं. ज्या मुळाला पाणी घेता येत नाही त्याच्यावर आणखी एक क्षार ओतून काय साधणार? बाजारातून त्यांनी एक बाटलीही आणली होती, फवारलं की मीठ मरतं असं विकणाऱ्यानं सांगितलेलं. मीठ मरत नाही. ते धुऊन खाडीत जातं, नाहीतर पेशीच्या पिशवीत जातं, तिसरी वाट नाही. ती बाटली अजून पडवीत आहे. पालाश, म्हणजे पोटॅशियमचं खत, टाकावा का, असंही काकांनी विचारलं. खार जमिनीत पालाश सहसा कमी नसतो, कमी पडतो तो पेशीद्रवात, सोडियमच्या रेट्यामुळे. जिप्सम मी तेव्हा सुचवलं नाही. सोडियमनं माती चिकट होऊन पाणी जिरेनासं झालं तर त्याचा उपयोग आहे. इथे पाणी अजून जिरत होतं आणि आकाशात ते फुकट मिळणार होतं.

पाऊस परत आला तेव्हा या वेळी नीट केलं. पाऊसपाणी खाचरात वीतभर भरायचं, दोन दिवस उभं ठेवायचं, ओहोटीला उघाडीतून सोडायचं आणि लगेच पुन्हा भरायचं. माती उघडी पडू द्यायची नाही. असं चार वेळा. नारळी पौर्णिमेच्या उधाणाला पोरं रात्रभर बांधावर बसली होती. उघाडीची लाकडी झडप वाकलेली असल्यामुळे थोडं पाणी आत झिरपलं, पण बांध टिकला. त्यानंतरच्या शनिवारी काकांच्या खाचरातल्या पाण्याचं माप २ च्या खाली आलं.

पण लावायला रोप कुठून आणायचं? आवणं संपली होती. वाट काकीनं काढली. तिचा रता चांगला फुटला होता, चुडाला बारा-पंधरा फुटवे. तिनं दर चुडातले निम्मे फुटवे मुळासकट वेगळे केले, मुठी बांधल्या आणि काकांच्या करपलेल्या जागेत लावल्या, चार-पाच काड्या एका जागी, जरा दाट. पूर आलेल्या भागांत फुटवे फोडून पुन्हा लावण्याची रीत आहेच, पण आमच्याकडे मी ती पहिल्यांदा पाहिली. खार जमिनीत कोवळ्या रोपाऐवजी तीस-चाळीस दिवसांचं जून रोप लावावं, एका चुडात जास्त काड्या घालाव्यात असं सांगतात, त्याचंच हे टोकाचं रूप. जून काडीला पानं असतात, साठा असतो, मीठ वाटून घ्यायला जागा असते. दोन दिवसांत दोन माणसांनी काम उरकलं. मी एक दिवस मुठी वाहिल्या.

फुटवे काढलेल्या चुडांनी काकीच्या खाचरात आठ दिवस मान टाकली, मग सावरली. काकांच्या खाचरात लावलेल्यांतले बहुतेक जगले. भाताचा दुसरा नाजूक काळ लोंबी पोटात धरण्याचा आणि फुलोऱ्याचा. भाद्रपदात पाऊस बरा होता, पाणी गोडं राहिलं. नत्र तेव्हा दिलं, दोन हप्त्यांत, थोडं थोडं.

दिवाळीनंतर कापणी झाली. काकीला वीस गुंठ्यांत पाच क्विंटल मिळालं, नेहमीपेक्षा सुमारे एका क्विंटलनं कमी. काकांच्या खाचरात फुटव्यांच्या रत्याचं पावणेदोन क्विंटल आणि वाचलेल्या कर्जत-३ चं जेमतेम एक, त्यात पोचट दाणे बरेच. एरवी त्यांना सात मिळतं. उरलेल्याचा हिशेब खांड, उन्हाचे पाच दिवस आणि माझा सल्ला यांत वाटला जातो. माझा वाटा मी वहीत वेगळा लिहून ठेवला आहे.

काकांनी कापणीनंतर मला पुन्हा तळ्याकाठी नेलं. "आता सांग, जिताड्याचं." मी सांगितलं, दोघांकडे दार एकाच घराण्यातलं आहे, जिताड्याचं दार कल्ल्यात आहे आणि त्याला दिवसभर खाऊन ते चालवायला ताकद मिळते. तुमच्या भाताचं दार पानातल्या पिशवीवर होतं आणि ताकद यायच्या आधीच पाणी आलं. ते बराच वेळ तळ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हंजे आठ-पंधरा दिवस आधी लावलं असतं तर..." मी हो म्हणाले. खात्रीनं नाही, पण हो.

पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानं पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ या जाती याच जमिनींसाठी दिल्या आहेत. काकांनी येत्या हंगामाला खाडीकडच्या दहा गुंठ्यांत पनवेल-३ आणि बाकीच्यात काकीचा रता लावायचं ठरवलं आहे. आवण या वेळी उंच जागी, घराशेजारी, दोन हप्त्यांत टाकणार, म्हणजे एक सडलं तरी जून रोप हाताशी राहील. काकीनं रत्याचं बियाणं निवडून कणगीत वेगळं ठेवलंय, आणि या वर्षी पहिल्यांदाच चार घरांनी तिच्याकडे ते मागितलंय. बुजवलेल्या खांडीवर माघात नवी माती चढवायची आहे. उघाडीची झडप मात्र अजून तीच, वाकलेली. लाकडाची नवी करायची की फायबरची, यावर गावकीच्या बैठकीत बोलणं चालू आहे.